मांडवगड आणि पाठीवरचे दप्तर

आमच्या शासकीय विद्यालयाच्या कार्यालयात एक वजनकाटा आहे. आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांची वजने घ्यावीत म्हणून तो आणलेला. वर्षातून दोनतीनदा मी त्यावर मुलांऐवजी त्यांची दप्तरे ठेवतो. केंद्र सरकारने २०१८ साली दप्तराच्या वजनाला इयत्तावार मर्यादा घालून दिली. पहिली-दुसरीच्या मुलाचे दप्तर दीड किलोहून जड नसावे, दहावीच्या मुलाचे ५ किलोंहून जड नसावे, असे तिचे स्वरूप होते. पुढे २०२० च्या दप्तर धोरणात एक सुटसुटीत सूत्रच आले. पाठीवरचा भार शरीराच्या वजनाच्या एकदशांशाहून अधिक असू नये, असे ते सूत्र. त्यावर मी प्रार्थनेच्या वेळी अनेकदा बोललो आहे, पालकसभांत फळ्यावर आकडे मांडले आहेत आणि नको असलेल्या वह्या मुलांच्या दप्तरांतून स्वतःच्या हाताने बाहेर काढल्या आहेत.

आणि तोच मी, २०२४ च्या श्रावणातल्या एका रविवारी, ११.५ किलोंची सॅक पाठीवर घेऊन मांडवगडावर गेलो. माझे वजन ६८ किलो. पुढचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे ओझे मी हौसेखातर वाहिले, असे मात्र कोणी समजू नये. त्यामागे आमच्या घरातले एक जुने येणे होते.

आमच्या इंदूरच्या घरी, देवघराशेजारच्या भिंतीवर एक कृष्णधवल छायाचित्र आहे. ते १९६६ सालचे, म्हणजे माझ्या जन्माआधीचे. आईवडिलांच्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झाले होते. मांडवगडावरच्या रूपमती मंडपात, कठड्याशी, डोक्यावरून पदर घेतलेली माझी सव्वीस वर्षांची आई उभी आहे. वडिलांजवळ त्या काळी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. चामड्याच्या छोट्या पेटीत तो मावे, पेटी एका खांद्यावर लटके आणि एका रोलवर बारा फोटो निघत. त्या बारांतला हा एक. आई उभी आहे, कठडा आहे, मागे आकाश आहे. पण ज्यासाठी ती तिथवर चढून गेली होती ती नर्मदा मात्र त्यात नाही. निमाडच्या मैदानात, फार दूरवर, चांदीच्या तारेसारखी दिसणारी ती रेघ त्या साध्या भिंगाला पकडता आली नाही.

वडील १९९८ साली गेले. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे मांडवगड तिला अशक्य झाला. पण त्या छायाचित्राकडे पाहून ती अधूनमधून म्हणते, "नदी दिसत होती रे. अगदी स्पष्ट दिसत होती. फोटोत तेवढी आली नाही." साठाला टेकलेल्या या तक्रारीत रोष नाही, पण तक्रार ती तक्रारच. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा, दोन-चार भिंगे आणि एक भली मोठी सॅक मला दिली, तेव्हा माझ्या मनात प्रथम आली ती ही तक्रार.

इंदूरहून बेटमा, घाटाबिल्लोद आणि धार या मार्गाने मांडवगड शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. एके काळी माळव्याच्या सुलतानांची ही राजधानी; १५६१ साली बाजबहादुराचा पराभव झाला आणि ती मोगलांकडे गेली; पुढे ती धारच्या पवारांच्या राज्यात आली. जहांगीर बादशहा १६१७ साली येथे मुक्कामास होता आणि पावसाळ्यातल्या मांडवगडाची त्याने आपल्या आत्मचरित्रात तोंड भरून स्तुती केली आहे. ती खोटी नाही. श्रावणात सारे पठार हिरवे असते, दऱ्यांतून ढग वर येतात, मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधला जहाजमहाल खरोखरच पाण्यावर तरंगतो आहे असे वाटते. ज्याला छायाचित्रे घ्यावयाची आहेत त्याला मात्र हा ऋतू पावलोपावली परीक्षेत बसवतो. मी त्या परीक्षेत कसा नापास झालो ते सांगतो.

पहिला प्रश्न जहाजमहालाशीच पडला. वातानुकूलित मोटारीतून उतरलो, कॅमेरा काढला, तो भिंगावर धुके. गार पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो तसे गार काचेवर दमट हवेतले पाणी जमले होते. मी रुमालाने पुसत राहिलो आणि ते पुन्हा पुन्हा जमत राहिले. दुसरा प्रश्न ट्रायपॉडचा. जवळजवळ दोन किलोंचा तो लोखंडी सोबती मी कौतुकाने उभा केला, तेव्हा पहारेकऱ्याने अदबीने सांगितले, की पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावण्यास आधी परवानगी काढावी लागते. त्याचे म्हणणे नियमास धरून होते. अज्ञान माझे होते आणि त्याची शिक्षा माझ्या पाठीने दिवसभर भोगली. तिसरा प्रश्न इंदुरी माणसाचा खास. सॅकमध्येच डबा होता आणि डब्यात शेव. झाकण केव्हा सैल झाले कळले नाही. भिंगाच्या कडेवर तेलाचे बोट आणि कप्प्याकप्प्यांत शेवेचा चुरा, अशा अवस्थेत मी रूपमती मंडपाकडे निघालो.

मंडप पठाराच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. त्याच्यापलीकडे जमीन एकदम तुटते आणि बाराशे फुटांखाली निमाड पसरलेले असते. रूपमती रोज येथून नर्मदेचे दर्शन घेई आणि त्यानंतरच अन्न घेई, अशी माळव्यातली लोककथा आहे. मी पोहोचलो तेव्हा समोर फक्त पांढरे धुके होते. अर्धा तास बसलो. आणि मग, कोणी पडदा बाजूला करावा तसे ढग फाटले. खाली ओली शेते दिसली, झाडांचे ठिपके दिसले आणि क्षितिजाजवळ ती रेघ दिसली. आजूबाजूच्या लोकांनी "नर्मदे हर" म्हटले.

लांबचे टिपणारे भिंग सॅकच्या तळाशी होते. त्याच्यावर रेनकोट, त्यावर डबा, त्यावर वाटाड्याचे जाडजूड पुस्तक. सॅक वरून उघडणारी, त्यामुळे सारे एकेक करून बाहेर काढणे आले. ओल्या फरशीवर मी संसार मांडला. भिंग हाती आले, जुने काढले, नवे बसवले, झाकण शोधले, डोळा लावला. समोर पुन्हा पांढरे धुके होते. दोन मिनिटे, फार तर तीन, इतकाच तो पडदा बाजूला झाला होता.

घरी आल्यावर आईने काही विचारले नाही. मी पाठीला शेक घेत पडलो होतो, त्यावरून तिने काय ते ओळखले असावे. पुढे आठ दिवस कंबर धरली होती.

दुसऱ्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी सॅक कार्यालयात नेली आणि मुलांच्या काट्यावर ठेवली. मग एकेक वस्तू वेगळी तोलली. रिकामी सॅक २.६ किलो. कॅमेरा नेहमीच्या भिंगासह १ किलो. लांबचे भिंग ७०० ग्रॅम. आणखी दोन भिंगे, जी दिवसभरात बाहेर निघालीच नव्हती, ती १ किलो. ट्रायपॉड १.९ किलो. फ्लॅश अर्धा किलो, तोही न वापरलेला. पाणी २ लिटर, म्हणजे २ किलो. डबा १ किलो. पुस्तके ८०० ग्रॅम. एकूण ११.५. ज्या एका वस्तूसाठी सारी यात्रा होती, तिचा वाटा होता अवघा ७०० ग्रॅम, आणि तीच सर्वांत खाली होती.

मी मुलांना नेहमी सांगतो, की दप्तर भरताना वेळापत्रक पाहावे. ज्या विषयाचा तास नाही त्याची वही नको. माझ्या सॅकला वेळापत्रकच नव्हते. "असू द्यावे, लागले तर" या एका वाक्याने ती भरलेली होती.

या विषयाचा विचार करताना मला आमच्या इंदूरच्याच एका जुन्या नोकरदाराची आठवण झाली. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि पुढे काही वर्षांनी छायाचित्रणाकडे वळले. लेपेल ग्रिफिन यांनी मध्य भारतातील वास्तूंवर १८८६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातली छायाचित्रे त्यांची आहेत. आमच्या हैदराबादच्या वाचकांना ते निजामांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ म्हणून ठाऊक असतील. त्यांच्या आधीच्या पिढीला काचेवर ओला लेप देऊन, तो वाळण्याच्या आत छायाचित्र घेऊन लगेच धुवावे लागे; म्हणून अंधाराचा तंबू, औषधांच्या बाटल्या आणि काचा असा सरंजाम बरोबर न्यावा लागे. सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराच्या १८६३ ते १८६६ या काळातील हिमालय मोहिमांत हमालांचे तांडे होते ते यासाठीच. पुढे कोरड्या काचा आल्या तेव्हा तंबू आणि बाटल्या घरी राहू लागल्या. पण काच ती काच. ती जड आणि फुटणारी. किती दृश्ये टिपणार याचा निर्णय माणसाला निघण्यापूर्वी करावा लागे. माझ्या वडिलांनाही बाराच फोटोंचा हिशेब होता. आम्हाला हजारो फोटो मावणारी नखाएवढी चकती मिळाली आणि निर्णय करण्याची सवयच मोडली. न केलेला प्रत्येक निर्णय मग पाठीवर येऊन बसतो.

म्हणून मी कागद घेऊन तीन रकाने आखले: "याविना जाऊ नये", "बहुधा लागेल" आणि "लागले तर बरे". तिसरा रकाना आख्खा घरी ठेवला. दुसऱ्यातले निम्मे घेतले. ट्रायपॉड, फ्लॅश आणि दोन्ही जादा भिंगे यांना त्याच दिवशी रजा मिळाली.

मग दुसरी सॅक. एका दुकानात दीड तास काढून ती निवडली. दुकानदार कप्पे मोजून दाखवत होता आणि मी माझ्या पाठीचा विचार करत होतो. त्या दीड तासात जे शिकलो ते थोडक्यात असे. सॅकची उंची आपल्या उंचीवर नव्हे, तर पाठीच्या लांबीवर पाहावी. मान वाकवली असता मागे जे हाड वर येते तेथून कमरेच्या हाडापर्यंतचे अंतर खरे. कमरपट्टा रुंद आणि भरीव असावा, कारण ओझे खांद्यांनी नव्हे, कमरेने वाहावयाचे असते. खांद्यांनी ते फक्त सावरावे. पाणक्या बायका कळशी कमरेवर घेतात त्यामागे हेच शहाणपण आहे. रिकामी सॅक पाठीला लावून काही कळत नाही. आपले सामान बरोबर नेऊन, ते भरून, दुकानात दहा मिनिटे फिरून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, सॅक पाठीकडच्या बाजूने उघडणारी असावी. ती खाली ठेवली तर चिखल बाहेरच्या अंगाला लागतो, आपल्या सदऱ्याला नाही. गर्दीत मागून कोणाला चेन उघडता येत नाही. आणि कमरपट्टा न सोडता सॅक पोटाकडे फिरवली, की उभ्या उभ्या आतली प्रत्येक वस्तू हाताशी येते. रूपमती मंडपात मला जे जमले नव्हते ते नेमके हेच.

सामान लावण्याचेही शास्त्र आहे. जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यावर असाव्यात. त्या दूर किंवा अगदी वर गेल्या की माणूस मागे ओढला जातो. माझ्या सॅकमध्ये मध्यभागी कॅमेरा, भिंग बसवलेलाच, मूठ वर. त्याच्या उजवीकडे लांबचे भिंग. मधल्या भिंती वेल्क्रोच्या, त्या हव्या तशा सरकवता येतात. वस्तू हलणार नाही इतका कप्पा घट्ट करावा, पण ओढून काढावी लागेल इतका नको. वर एका पिशवीत दोन बॅटऱ्या आणि दोन चकत्या. भरलेल्या बॅटरीचे तोंड वर, वापरलेलीचे खाली. अंधारात बोटांनाही कळते. एक हवेचा फुगा, एक मऊ ब्रश, एक भिंग पुसण्याचे फडके. खायचे-प्यायचे सारे बाहेरच्या कप्प्यांत. पाणी एका बाजूला, रेनकोट आणि आईची जुनी शाल दुसऱ्या बाजूला, म्हणजे तोल राहतो. शेव यापुढे सॅकमध्ये नाही.

ओलाव्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्या पावसाळ्यात तो कॅमेऱ्याचा खरा शत्रू. सॅकला पावसाचे आवरण हवेच. गार मोटारीतून उतरल्यावर पाव-अर्धा तास सॅक बंदच ठेवावी. आतली काच बाहेरच्या हवेइतकी कोमट झाली की धुके धरत नाही. घरी आल्यावर मात्र उलट. सॅक उघडून सारे बाहेर काढावे आणि हवेशीर जागी वाळू द्यावे. ओल्या सॅकमध्ये महिनाभर कोंडून ठेवलेल्या भिंगाच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि ते पुसून निघत नाही. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून भिंगे त्यात ठेवावीत. वडिलांचा आग्फा मी चामड्याच्या पेटीतच कपाटात ठेवला होता. त्याच्या भिंगाला आज आरपार बुरशी आहे. ही चूक माझीच.

नवी सॅक काट्यावर ठेवली. रिकामी १.४ किलो, कॅमेरा १ किलो, भिंग ७०० ग्रॅम, पाणी १ किलो, किरकोळ वस्तू ४०० ग्रॅम, रेनकोट व शाल अर्धा किलो, शिदोरी ३०० ग्रॅम. एकूण ५.३ किलो. एकदशांशाच्या आत. त्या दिवशी मला मुलांच्या डोळ्याला डोळा देता आला.

कार्तिकात, नोव्हेंबरमध्ये, पुन्हा गेलो. या खेपेस पहाटे निघालो. सोयाबीन निघून गेलेली काळी शेते गव्हासाठी नांगरून ठेवली होती. धारच्या पुढे हवा इतकी स्वच्छ होती, की दूरच्या टेकडीवरची झाडे मोजता यावीत. मांडवगडावर पर्यटक थोडे. रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेची ती अजस्र खोडाची झाडे, जिला येथले लोक मांडवची इमली म्हणतात, पाने झडू लागलेल्या अवस्थेत उभी होती.

पाठ मोकळी असली की डोळेही मोकळे होतात, याचा प्रत्यय त्या सकाळी आला. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीच्या दाराशी १६५९ सालचा एक लेख आहे. शहाजहानचे स्थापत्यकार, त्यांत उस्ताद हमीद, ही वास्तू पाहावयास आले होते असे त्यात नोंदले आहे. श्रावणात मी त्याच्यापुढून दोनदा गेलो होतो आणि ओझ्याने वाकलेल्या मानेला तो दिसला नव्हता. हिंडोला महालाच्या भिंती मुळातच कलत्या आहेत. एरवी कॅमेरा वर उचलला की सरळ भिंतीही छायाचित्रात आत कललेल्या दिसतात आणि जाणकार दोष काढतात. येथे कोणी दोष काढू शकत नाही. मजसारख्या नवशिक्यासाठीच तो महाल बांधला असावा.

साडेआठच्या सुमारास रूपमती मंडपात पोहोचलो. भिंतीवरच्या छायाचित्राची एक प्रत बरोबर होती. कमानी आणि कठड्याची ठेवण पाहत पाहत आई जेथे उभी होती ती जागा शोधली. समोर नर्मदा होती. ढग नाहीत, पडदा नाही. निमाडच्या निळसर धुरकट विस्तारापलीकडे ती रेघ स्वच्छ लकाकत होती. घाई करण्याचे काहीच कारण नव्हते, तरी हात आपसूक सॅक पुढे फिरवून भिंगावर गेला. पंधरा सेकंदही लागले नसतील.

अडचण एकच राहिली. लांबच्या भिंगाने हाताचा बारीक कंपही मोठा दिसतो. ३०० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाच्या तीनशेव्या भागाहूनही कमी वेळ ठेवावा असा सर्वसाधारण नियम आहे, आणि माझे हात छप्पन्न वर्षांचे. ट्रायपॉड नाही. मग सॅकच कठड्यावर आडवी ठेवली, तिच्यावर आईची शाल घडी करून घातली आणि तिच्या उशीवर भिंग टेकवले. श्वास रोखला. बारा फोटो घेतले. बाराच का, असे कोणी विचारील. मला तेवढेच घ्यावेसे वाटले. एका फोटोत मुद्दाम कठड्याची ती कड ठेवली आहे, जिच्यावर १९६६ साली आईचा हात होता.

परतताना बाजारात दाल-पानिये खाल्ले आणि घरी येऊन, इतक्या वर्षांत प्रथमच, पाठीला शेक घेतला नाही.

आठ दिवसांनी छायाचित्र मोठे करून आणले आणि आईच्या हातात दिले. तिने ते खिडकीपाशी नेले, मग भिंग मागितले, वाचायचे साधे. बराच वेळ ती त्या रेघेवरून भिंग फिरवत होती. मग भिंग खाली ठेवले, छायाचित्र मांडीवर घेतले आणि दोन्ही हात जोडले.

"हीच," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, भिंतीवरच्या छायाचित्राकडे पाहत, "ह्यांच्या खांद्याला एवढीशी पेटी होती. तू केवढे ओझे नेलेस?"

"५.३ किलो," मी परीक्षेत उत्तर द्यावे तसे सांगितले.

"पाठ दुखली नाही ना?"

नाही म्हणालो. आता दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी आहेत.